शिगोशीग माप

टक्!

सगळं घर दुपारचं झोपलेलं असताना चमच्याच्या दांड्याने डब्याचं झाकण उचकटलं गेलं. तो आवाज आठवला की अजून मला लाज वाटते.

मी एक जुनं माप आहे. पांढरं, प्लास्टिकचं, बोटभर दांड्याचं. मित्रांनो, साच्यातून बाहेर पडल्या पडल्या मला म्हशीच्या खनिज मिश्रणाच्या डब्यात टाकलं, ते थेट ह्या गोठ्यात. दुभत्या म्हशीच्या अंगातलं कॅल्शियम रोज दुधावाटे जातं. ते भरून काढायचं माझं काम. सकाळच्या पेंडीत एक माप, संध्याकाळच्या पेंडीत एक. घरची सून मला भरायची आणि वरून बोट फिरवून सपाट करायची. थोड्याच दिवसांत आमची ठमी म्हैस भिंती चाटायची थांबली, तिचं अंग तुकतुकीत झालं.

"गुणाचं आहे हो हे माप," सासूबाई म्हणाल्या. मी डब्यातल्या डब्यात फुगलं.

पुढे ठमी गाभण राहिली, तिचं दूध आटलं. डॉक्टरांनी बजावलं, "आता पाव माप, तेही दिवसाआड. जास्त द्याल तर व्यायल्यावर बसेल ती, उठायची नाही."

पण सून नुकतीच बाळंतपणातून उठली होती. नऊ महिने सासूबाईंनी तिला "दोन जिवांची आहेस, अजून एक घास" म्हणत भरवलं होतं. मग ठमीनेच का अर्धपोटी राहायचं?

"डॉक्टर पुरुषमाणूस, त्यांना काय कळतंय!" ती ठमीच्या कानात म्हणाली. "खा बाई. कुणाला सांगू नकोस."

रोज दुपारी टक्! रोज मी शिगोशीग. खोटं कशाला सांगू, मित्रांनो, डोक्यावर शीग चढली की मला ऐट वाटायची.

ठमी व्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठताच येईना. कान गार, मान कुशीत वळलेली. पारडू बाजूला ओरडत होतं. डॉक्टर धावत आले. कॅल्शियमची बाटली थेंब थेंब तिच्या शिरेत उतरली.

"आयतं मिळत राहिलं की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायचं विसरतं," ते म्हणाले. "मग दूध उतरलं की तुटवडा. किती देत होता?"

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं.

"पावच. पण ते मापच मेलं जास्त भरतं," ती म्हणाली. तिने मला गोठ्यामागे भिरकावलं.

तासाभराने ठमी थरथरत उठली. पारडू तिला लुचलं. मी मात्र चिखलात पडून होतं. मित्रांनो, मुक्या जनावराला मायेने भरवा, पण मापाने भरवा. आणि चुकलात तर बोला. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

संध्याकाळी सुनेच्या पाच वर्षांच्या मुलीला मी सापडलं. तिने मला फ्रॉकला पुसलं, मातीने भरलं, आईसारखंच बोटाने सपाट केलं आणि घरात नेलं. आई बाळाला थोपटत होती. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"आई, ह्याची चूक आहे म्हणालीस ना?"

"हो."

"पण हे तर नुसतं पडून असतं."

थोपटणारा हात थांबला. सासूबाईंनी मान वर केली. मुलीने मला आईपुढे धरलं.

"मग ह्याला भरायचं कोण गं?"