दोघांच्या वजनाची गाडी

"हलू नका हो, नेस्ता. माप चुकतंय."

"मान आखडली माझी, एम्लिन." मांडीवर पर्स घट्ट धरून नेस्ता गाडीच्या डाव्या सीटवर बसली होती, चॅपलमध्ये प्रार्थनेला बसावं तशी ताठ.

एम्लिन पुढच्या चाकाशी पालथा पडला होता. गाडीच्या दोन्ही अंगांनी त्याने मासे धरायच्या गळाची दोरी ताणून बांधली होती. चाकाची पुढची कड दोरीपासून किती दूर, मागची किती, हे तो पट्टीने मोजत होता; दोन्ही सारखी भरली की चाक सरळ. दुधाचा टँकर चालवण्यात त्याचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर त्याने शेडमध्ये लोखंडी नळ्या जोडून सांगाडा केला, भंगारातलं इंजिन बसवलं आणि ही बिनछपराची, दोघांपुरती गाडी उभी केली. ती इतकी हलकी, की माणूस बसला की दबायची आणि चाकं तिरपी व्हायची. म्हणून मापं घ्यायची ती सीटवर वजन ठेवूनच. ड्रायव्हरच्या जागी त्याने आपल्या वजनाइतकी मेंढ्यांच्या खाद्याची पोती रचली होती. शेजारी नेस्ता.

त्याने चाकाची दिशा धरणारा रॉड अर्धा आटा फिरवला, नट आवळला आणि चाकं नीट बसावीत म्हणून गाडी नेस्तासकट मागे ढकलून पुन्हा पुढे आणली.

"कुठवर आला म्हणायचा प्रवास?"

"भिंतीपर्यंत."

"गेल्या शनिवारीही भिंतीपर्यंतच आलो होतो. तेव्हाच सगळं जुळलं म्हणाला होतात."

"स्प्रिंगा मागाहून बसतात. परत बघावं लागतं."

हे खोटं नव्हतं. पण एवढंच खरं होतं असंही नाही.

"तुमच्या जागी पोती चालतात, मग माझ्या जागी का नाही चालत?"

"पोती केक आणत नाहीत."

ती खळखळून हसली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. अंथरुणाला खिळलेल्या आईचं करता करता एम्लिनचं लग्न राहून गेलं होतं. घरं शेजारी शेजारी, मधल्या कुंपणावरून दोघांचं रोज बोलणं व्हायचं. पाऊस, पावटे, कुणाचं काय दुखतंय. कुंपणाला फाटक होतं, ते मात्र कुणी फारसं उघडत नसे.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "घर विकलं मी. मारेद न्यायला येणारे, कार्डिफला. पोरं लहान आहेत तिची. लेकीला आईचा हात हवाच ना."

एम्लिनच्या हातातला पाना थांबला.

"बरं केलंत," तो म्हणाला. मग त्याने तेच माप पुन्हा घेतलं. आणि पुन्हा. आकडा काही केल्या डोक्यात राहीना.

गाडी सरकारी तपासणीतून पार पडली, नंबरही मिळाला. नेस्ताच्या निघायच्या दिवशी मारेद सामान भरत असताना एम्लिन गाडी घेऊन दारात आला.

"एक चक्कर मारायची?"

"आई, थंडी आहे!" मारेद ओरडली.

"असू दे गं." नेस्ताने डोक्याला रुमाल बांधला आणि लेकीच्या खांद्याचा आधार घेत आत उतरली.

खाडीकाठच्या सरळ रस्त्याला लागल्यावर एम्लिनने क्षणभर स्टिअरिंगवरचे हात उचलले. "बघा."

गाडी जराही इकडेतिकडे झाली नाही. आखलेल्या रेघेवरून जावी तशी गेली. नेस्ता रस्त्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या वर धरलेल्या हातांकडे बघत होती, काळवंडलेल्या नखांकडे.

बांधापाशी त्याने इंजिन बंद केलं. ओहोटी होती. दूरवर पक्षी चिखलातले किडे टिपत होते.

"राहता नाही का येणार?" त्याने समोरच बघत विचारलं.



"घर विकलं रे," ती म्हणाली. "आधी विचारायचं होतंस."

परत निघाल्यावर एम्लिनने जवळचा रस्ता सोडला आणि टेकडीला वळसा घालून जाणारा लांबचा धरला. नेस्ताला दोन्ही रस्ते पाठ होते. तिने फक्त रुमालाची गाठ घट्ट केली.