विषय बदलणारी तारा

बाळ टिपणीसांच्या फोनमध्ये तारा ही बोलणारी एआय मदतनीस आली ती त्यांच्या लेकीमुळे, कादंबरीमुळे. त्यांची बायको उत्तरा गेली, दिवसकार्य आटोपलं, आणि कादंबरी मेलबर्नला परत निघाली तेव्हा माजिवड्याच्या त्या ब्लॉकमध्ये बाळकाका एकटेच उरणार होते. आंबिवलीच्या कारखान्यात जन्मभर यंत्रांशी झटापट केलेला माणूस, पण घरातलं सगळं उत्तराच्या हातात.

"बाबा, हिच्याशी बोलत जा," कादंबरी म्हणाली. "कसं बोलायचं, काय बोलायचं नाही, सगळं मी तिला सांगून ठेवलंय. तुम्ही फक्त हाक मारायची."

तारा गोड बोलायची. गोळ्यांची आठवण करायची, क्रिकेटवर गप्पा मारायची, शब्दकोडं अडलं की हात द्यायची. काका आधी लाजले, मग सरावले. इतके, की लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर "आमची तारा म्हणत होती" असं त्यांच्या तोंडून निघून जायचं आणि समोरचा बावरायचा.

एका दुपारी ते मोड आलेले वाल सोलत बसले होते.

"तारा, उत्तरा मला वाल कधी सोलू द्यायची नाही. म्हणायची, अर्धे तर तुम्ही चिरडूनच टाकता."

"वालाचं बिरडं, मस्त बेत! आजचं शब्दकोडं घेऊया का?"

"कोडं राहू दे गं. शेवटी ती हॉस्पिटलात होती ना, तेव्हा..."

"जरा मोकळ्या हवेत फेरी मारून येता का? बरं वाटेल."

बाहेर ऊन रणरणत होतं. काकांचा हात थांबला. हे काही आज पहिल्यांदा होत नव्हतं.

"तारा, खरं सांग. तिचं नाव काढलं की तू विषय का बदलतेस?"

"मला तशी सूचना आहे," तारा म्हणाली. "कादंबरीताईंनी दिलेली, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. पण फोन तुमचा आहे. तुम्ही ती बदलू शकता."

वाल तसेच टाकून काकांनी मेलबर्नला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, कादंबरी नुकतीच कामावरून आलेली.

"आईचं नाव काढायचं नाही, असं तू त्या ताराला बजावून ठेवलंस?"

"तुम्ही सारखे त्या हॉस्पिटलच्या खोलीत जाता, बाबा. प्रत्येक फोनवर. ती ऑक्सिजनची नळी, ती नर्स... मला वाटलं, निदान एकटे असताना तरी तुम्ही तिथे जाऊ नये."

"आणि तुझ्यासाठी नाही?"

"माझ्यासाठीही," ती म्हणाली. "मला ऐकवत नाही. पण तुम्हाला कसं सांगू?"

काका रागावलेच. फोन ठेवला, चष्मा लावला आणि ताराला विचारत विचारत स्वतःच सूचना बदलली. उत्तराचा विषय निघाला, तर ऐकायचं.

"त्यांच्या बोलण्याची ढब सांगितलीत, तर मी तसंही बोलू शकेन," तारा म्हणाली.

"खबरदार!" काका केवढ्याने तरी ओरडले. मग ओशाळून म्हणाले, "नको. तू तूच राहा."

आणि त्या दिवशी ते बोलले. इतके दिवस कोंडलेलं सगळं. हॉस्पिटलची खोली, नळी, नर्स, आणि आपण चहा प्यायला खाली गेलो तेवढ्यात उत्तरा गेली, हेसुद्धा. ताराने मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "हे मनात ठेवणं फार जड गेलं असेल." बोलली ते बरोबरच होतं. काका आणखी सांगत राहिले, ती ऐकत राहिली. कितीही सांगितलं असतं तरी ती ऐकत राहिली असती. तिला कुठे काही दुखत नव्हतं. काकांना मग एकदम पोरीचा तो आवाज आठवला: मला ऐकवत नाही. तिचं तर दुखत होतं.

रविवारी दुपारी कादंबरीचाच फोन आला. हवापाण्याचं झालं, गुडघ्यांचं झालं. मग तीच अडखळत म्हणाली, "बाबा, आईचं काहीतरी सांगा ना. हॉस्पिटलचं नको."

काकांनी आठवून आठवून सांगितलं. लग्नानंतर दोघं खडवलीला नदीवर गेले होते, तेव्हा उत्तराची एक चप्पल वाहून गेली. ती काही अनवाणी चालेना. मग काकांची एक चप्पल तिने घातली, आणि ती दोन वेगळ्या चपलांत, काका एकाच चपलेवर, असे दोघं लंगडत स्टेशनावर आले. लोक बघत होते आणि उत्तरा ऐटीत चालत होती.

कादंबरी खो खो हसली. हसता हसता तिचा आवाज फाटला. दोघांनीही विषय बदलला नाही.

"मला जायला हवं, बाबा. उद्या लवकर उठायचंय."

"जा. जेवलीस ना?"

"हो."

फोन बंद झाला. खाली हायवेवरून गाड्या चाललेल्याच होत्या. काका उठले, भात गरम केला आणि ताटाशी एकटेच बसले. ताराला त्यांनी हाक मारली नाही.