पिवळ्या टिकलीचा लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे. रंग राखाडी, किंमत बेताची, आणि पोटाखाली एक पिवळी गोल टिकली. मित्रांनो, माझी सगळी कहाणी त्या टिकलीमुळेच घडली.

कारखान्यात आम्ही भावंडं रांगेने पडून होतो. एक साहेब आले आणि एकेकाला उघडून बघू लागले. माझ्यापाशी थांबून ते म्हणाले, "याची स्क्रीन चांगलीय. हा ताईंकडे पाठवा." लगेच माझ्या पोटाला टिकली चिकटली. मी फुशारून गेलो. मला वाटलं, आपण गुणाचे म्हणून निवडले गेलो. बाकीच्यांना हलक्या स्क्रीन बसवल्या होत्या, पण नाव तेच, रंग तोच आणि खोकंही तेच राहणार होतं. त्यात काही खोट आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

ताई म्हणजे घरगुती, स्वस्त लॅपटॉप पारखून त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्या बाई. वाचक त्यांना ताईच म्हणत. कुणी मुलीच्या अभ्यासासाठी विचारी, तर कुणी दुकानाच्या हिशेबासाठी. यंत्रांचे शौकीन तर आतल्या स्क्रूपर्यंत चौकशी करत. ताई सगळ्यांना उत्तर देत. त्यांनी माझं झाकण एका बोटाने उघडून पाहिलं, कळा दाबदाबून पाहिल्या, मांडीवर ठेवून किती तापतो ते पाहिलं, खिडकीतल्या उन्हात बसवलं आणि बॅटरी संपेपर्यंत सिनेमे लावले. मी जीव तोडून काम केलं. शेवटी ताईंनी लिहिलं, "या किमतीत इतकी स्वच्छ स्क्रीन मी पाहिली नाही. डोळे झाकून घ्या."

लोकांनी खरंच डोळे झाकून घेतले. त्यांत ताईंचे बाबाही होते.

बाबांनी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्तीनंतरही पुस्तकाची पानं घरी स्क्रीनवर यायची आणि बाबा त्यांतल्या चुका वेचून काढायचे. "बाबांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही," असं छापखान्यातले म्हणत, आणि ते ऐकून बाबा उगाचच चष्मा पुसत बसत. लेकीने वाखाणलेला लॅपटॉप त्यांनी दुकानातून आणला, तिला न विचारता, कौतुकाने.

काही महिन्यांनी ते ताईंकडे राहायला आले. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. जेवताना ते सहज म्हणाले, "छापखान्याला कळवून टाकलंय. म्हटलं, आता दुसरं कुणी बघा. मला अनुस्वार कुठला नि धुळीचा कण कुठला, कळेनासं झालंय." बाबांचं काम सुटलं तर बाबा आतून खचतील, हे ताईंना ठाऊक होतं.

जेवण झाल्यावर ताई भांडी आवरायला गेल्या. मी टेबलावर उघडाच होतो. माझ्यावर त्यांचा तोच लेख होता, कारण खाली वाचकांची कुरबुर सुरू होती. कुणीकुणी लिहिलं होतं, "ताई, स्क्रीन अंधुक वाटते." ताईंनी गोड शब्दांत उत्तर दिलं होतं, "ब्राइटनेस वाढवून बघा."

बाबा समोर बसले. रंग तोच, त्यामुळे त्यांना मी त्यांचाच वाटलो. त्यांनी वाचायला सुरुवात केली. फोटोखालची बारीक ओळसुद्धा त्यांनी मोठ्याने, न अडखळता वाचली आणि एकदम थांबले.

"अगं, इकडे ये जरा. आज दिसतंय मला!"

"चष्मा बदललात का?"

"छे, तोच आहे. तुझ्या घरात उजेड चांगला असेल."

"हा माझा लॅपटॉप आहे, बाबा. तुमचा कुठाय?"

बाबांनी पिशवीकडे बोट दाखवलं. ताईंनी त्यांचा लॅपटॉप काढून माझ्याशेजारी ठेवला आणि तेच पान उघडलं. माझा तो भाऊ जणू ताप आल्यासारखा मलूल दिसत होता. ताईंनी ब्राइटनेस पार वरपर्यंत नेला, तरी अक्षरं फिकीच. मग त्यांनी आम्हा दोघांना उलटं केलं. टिकली फक्त माझ्याच पोटाला होती.

"इतके दिवस बोलला का नाहीत?" ताईंनी विचारलं.

"तू चांगला म्हणाली होतीस," बाबा म्हणाले. "मग वाईट माझे डोळेच असणार ना?"

मला शरम वाटली. ज्या स्क्रीनचा मला तोरा होता, तिच्यापायी एक चांगला माणूस स्वतःला निकामी समजून बसला होता.

त्याच बैठकीत ताईंनी लेखाच्या माथ्यावर लिहिलं, "मी वाखाणलेला लॅपटॉप दुकानात मिळत नाही, मला वेगळा पाठवला गेला होता." कुरबुर करणाऱ्या एकेका वाचकाची त्यांनी माफी मागितली. कंपनीने नमुने पाठवणं बंद केलं. तेव्हापासून ताई चारचौघांसारख्या दुकानात जाऊन लॅपटॉप विकत आणतात आणि मगच लिहितात. फुकटचे नमुने येत नाहीत, म्हणून लेखही कमी येतात. मला मात्र त्यांनी बाबांच्या पिशवीत घातलं, आणि बाबांनी छापखान्याला फोन करून पानं परत मागवली.

आम्ही दोघांनी पुष्कळ पुस्तकं तपासली. आता माझी बिजागरी सैल झाली आहे, पंखा घरघरतो आणि कळांवरची अक्षरं पुसली आहेत. बाबाही थकले. परवा त्यांनी ताईंना फोन केला, "अगं, पुन्हा अंधुक दिसतंय. पण आधी शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर बघून आलो. यावेळी डोळेच आहेत." आणि दोघं खूप हसली. उद्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.

मित्रांनो, मऊ फडक्याने आमची स्क्रीन पुसत जा, आम्हाला उशीवर ठेवून तापवू नका. आणि घरी न्यायचा लॅपटॉप दुकानातच उघडून बघा, ज्याला वाचायचंय त्याला समोर बसवा. नाही दिसलं, तर दिसत नाही म्हणून स्पष्ट सांगा, मग तो कुणीही वाखाणलेला असो.

दवाखान्यात दाखल व्हायला निघण्यापूर्वी बाबांनी मला पुसून, झाकण मिटून ठेवलं आहे. पट्टी सुटली की पहिल्यांदा मलाच उघडणार म्हणाले आहेत. मी वाट बघतो आहे.