जड पेडल

विमानाच्या पंखाच्या टोकाला, फाटलेल्या कापडी आवरणात गवताचा झुपका अडकला होता—मुळांसकट, ओल्या मातीसकट. तिनं तो उपटला. मुळाशी अर्धं तुटलेलं गांडूळ वळवळत होतं. तिनं झुपका लांब भिरकावला.

"वारा आडवा आला का बाई?" वाकलेल्या चाकापाशी उकिडवा बसलेल्या मेकॅनिकनं विचारलं.

"नाही. विद्यार्थ्याकडून सुटलं."

किती सहज निघालं तोंडातून! वीस वर्षं ती हेच शिकवत आलेली—या छोट्या विमानांचं तिसरं चाक शेपटाखाली. जमिनीला टेकलं की शेपूट पुढं पळू बघतं, ते पायांनीच आवरायचं, पार थांबेपर्यंत. आज तिच्याकडं शिकणाऱ्या दंतवैद्यांनी टेकवलं ते झकासच. नाक जरासं डावीकडं वळलं, त्यांनी उजवं पेडल दाबलं—पण त्यांच्या पेडलांना जोडलेल्या शिकवणाऱ्याच्या पेडलांवर तिचा डावा पाय होता, दोन महिने अधूनमधून बधिर पडणारा, वैमानिकांच्या तपासणीच्या डॉक्टरांपासून लपवलेला. तो दगडासारखा तिथंच रुतून बसला, तिला कळलंसुद्धा नाही, त्यांचं उजवं पेडल दबेना, आणि विमान गर्रकन स्वतःभोवती फिरून पंख घासत गवतात गेलं. शेपूट विमानाचं फिरलं. घातलं मात्र तिनं.

तिनं साबणानं दोनदा हात धुतले. नखांतली माती निघेना. आरशात पाहणं तिनं टाळलं.

ऑफिसात दंतवैद्य खुर्चीच्या कडेवर बसले होते, पन्नाशीचे, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. तिला बघताच उठले.

"मॅडम, मी दाबत होतो हो. पण पेडल इतकं जड लागलं... माझ्याच पायात जोर नसणार."

आता. आत्ताच सांगायचं.

"घाबरल्यावर तसं वाटतं," ती म्हणाली—मऊ, समजूतदार आवाजात. कुणाचा हा आवाज? शेवाळ लागल्यासारखा बुळबुळीत.

"बायको म्हणतच होती, या वयात कशाला नसते उद्योग." ते ओशाळं हसले. "तुमचा जीव धोक्यात घातला मी. माफ करा. आता नाही येणार."

त्यांनी तिचा हात दोन्ही तळव्यांत धरला. ओले, गरम तळवे. थांबा, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी तिच्या आत काहीतरी सैल पडलं, हायसं वाटलं—हा माणूस गेला की जड पेडलाची गोष्टही गेली.

"सावकाश जा," ती म्हणाली.

ते हायसं वाटणं आता अंगभर पसरत होतं, कोमट, आणि ते कुठं पुसावं हे तिला कळेना.