सरांची रॅम

तिसरा स्क्रू निघाला. स्वरदानं तो आधीच्या दोन स्क्रूंशेजारी वाटीत टाकला. काठाला पोचा आलेली ही स्टीलची वाटी बाबांनी स्क्रूंसाठी राखून ठेवली होती. पाहुण्यांच्या पंगतीत भांडी कमी पडली तरी तिला कोणी हात लावायचा नाही. चौथा स्क्रू घट्ट होता. तिनं गुडघ्यानं कॅबिनेट भिंतीशी दाबून धरलं आणि पेचकसावर जोर दिला.

"काय करून राह्यली?" आई दारात उभी होती.

"हार्ड डिस्क काढते. पुण्याले नेते. सगळे फोटो त्याच्यातच आहेत."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं देऊन टाकू कोणाले. तू थोडीच चालवणार आहेस कॉम्प्युटर?"

आईनं पदरानं टेबलाची एक कड पुसली आणि ती आत गेली. बाबांची तेरवी होऊन तीन दिवस झाले होते, आणि घरातली प्रत्येक वस्तू आई अशीच पुसत होती, एकाच कडेनं.

चौथा स्क्रू निघाला. स्वरदा उठली, खिडकीचा गज मुठीत धरला, सोडला आणि परत येऊन खाली बसली. बसल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. आतल्या पार्टांना बोट लावायच्या आधी हात लोखंडाला लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते, हा बाबांचा नियम. मेहकरच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. कारण नीट फळ्यावर सांगावं तसं सांगायचे, पण गजाला हात मात्र देवळाच्या पायरीला लावावा तसा लावायचे. त्या जागी गजाचा हिरवा रंग उडून लोखंड उघडं पडलं होतं.

पत्रा बाजूला झाला. त्याच्या आतल्या अंगाला वहीचा एक कागद चिकटवलेला होता. पहिली ओळ तिच्या अक्षरात: खंडेनवमी २०१२. जुळणी. स्वरदा आणि बाबा. ती अमरावतीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुट्टीत येताना एकेक पार्ट पिशवीतून आणला होता. शेजारी विळे-कोयते धुऊन मांडले जात असताना या दोघांनी सतरंजीवर कॉम्प्युटर जोडला, आणि बाबांनी त्याला हळदीकुंकू वाहिलं. "आपलं हत्यार हेच," म्हणाले. पुढं दर दसऱ्याला हे ठरूनच गेलं. ती यायची, कॅबिनेट उघडायचं, रंगाच्या ब्रशानं धूळ काढायची, काही नवं बसवलं असेल तर कागदावर नोंद. पॉवर सप्लाय. नवा पंखा. २०१९ ला एसएसडी. मग तीन-चार दसरे नुसतेच, "साफ केलं. बाबा."

शेवटची ओळ गेल्या खंडेनवमीची होती. रॅम ८ जीबी. स्वरदाकडून.

तिनं कॅबिनेटच्या आत पाहिलं, आणि हात तसाच राहिला.

आतला बोर्ड तिचा नव्हता. तिनं निवडलेला बोर्ड तपकिरी होता, रॅमच्या खाचा निळ्या. हा काळा होता, खाचा काळ्या, आणि प्रोसेसरवरचा पंखाही वेगळा. तिनं पाठवलेली रॅम एका खाचेत सरळ उभी बसली होती. तिनं खाली वाकून रॅमवरचं लेबल वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. डीडीआर फोर.

तपकिरी बोर्ड डीडीआर थ्रीचा होता. त्याच्यात ही रॅम बसणंच शक्य नव्हतं. दोन्ही रॅमच्या पट्टीवरची चीर वेगवेगळ्या जागी असते. हे तिला माहीत होतं. तिनंच ते बाबांना बारा वर्षांपूर्वी सतरंजीवर बसून शिकवलं होतं.

दसऱ्याच्या आधी बाबांचा मेसेज आला होता. मशीन संथ झालं आहे, रॅम वाढवावी म्हणतो, बोर्डाचा फोटो पाठवला आहे, तू पाहून कोणती ते सांग. ती कामात होती. फोटो तिनं उघडला नाही. "पाहिला, मीच पाठवते," असं लिहिलं, आणि समोर दिसली ती रॅम मागवून मेहकरचा पत्ता टाकला. दसऱ्याला येणं जमणार नव्हतं, त्याची तेवढीच भरपाई.

"सर असते तर मले ओरडले असते, पत्रा असा उघडा ठेवला म्हणून."

दारात गजेंद्र उभा होता. बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. बाबांचा जुना विद्यार्थी. चपला काढून तो आत आला, हार घातलेल्या फोटोपुढं थोडा वेळ उभा राहिला, मग खुर्चीच्या टोकावर बसला.

"मी लोणारले सासरवाडीत होतो ताई. तेरवीलेही येता आलं नाही. लई वाईट वाटलं."

"बसा ना नीट, गजेंद्रभाऊ."

आई चहा घेऊन आली. गजेंद्रनं कप घेतला, आणि त्याची नजर उघड्या कॅबिनेटवर गेली. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. आपण कुठं बसलो आहोत हे आठवून त्यानं ते आवरलं, पण पुरतं आवरेना.

"हा बोर्ड तर सरचा पराक्रम आहे," तो म्हणाला. "तुमाले सांगितलं का त्यायनं?"

"नाही."

"कसे सांगतीन. शरमले असतीन." त्यानं कप खाली ठेवला. "दसऱ्याच्या आधी रॅम घेऊन आले दुकानात. म्हणे, गजेंद्र, बसून नाही राह्यली. मी पाहतो तर डीडीआर फोर. म्हणलं, सर, तुमच्या बोर्डाले हे चालतच नाही, कोण्या येड्यानं सांगितली तुमाले? तर म्हणे, मीच मागवली बाबा, माझ्याच डोक्यात गडबड झाली. म्हणलं, वापस करा, सात दिवसांत वापस होते. तर ते नाहीच. मी म्हणलं, मी बदलून देतो, तेही नाही. म्हणे, रॅम हेच राहीन. हिले बसन असा बोर्ड पाय."

"मग?" आईनं विचारलं नाही, स्वरदानंच विचारलं.

"मग काय. बोर्ड बदलायचा म्हणजे प्रोसेसर आला, सगळंच आलं. टोपी घट्ट झाली म्हणून डोकं बदलणारा माणूस मी पयल्यांदा पाह्यला. अकोल्याच्या एका दुकानात जुना सेट होता, त्याचा पत्ता दिला. म्हणलं, मी आणून देतो रविवारी. तेवढा दम नव्हता त्यायले. स्वतः गेले." तो आता मोकळा हसला. "दुकानात आता कोणी चुकीचा पार्ट घेऊन आला ना, तर आमी म्हणतो, याची सरची रॅम झाली. अख्ख्या लाइनीत चालते ते. सरच्या तोंडावरही म्हणायचो. हसायचे ते. म्हणायचे, म्हणा बे, म्हणा, वर्गात तुमी कमी चुकले का."

स्वरदानं पेचकस सतरंजीवर ठेवला.

"ती त्यांची चूक नव्हती," ती म्हणाली. "रॅम मी पाठवली होती. पुण्याहून. त्यांनी बोर्डाचा फोटो पाठवला होता, मी तो उघडून पाहिला नाही."

गजेंद्र तिच्याकडं पाहत राहिला. मग त्याचे डोळे मऊ झाले, आणि त्यानं मान हलवली.

"राहू द्या ताई."

"खरंच सांगते आहे."

"समजते मले. बापाले कोणी हसलेलं पोरीले नाही चालत. माझंच चुकलं, अशा वेळेले मी काय घेऊन बसलो." त्यानं दोन्ही कानांच्या पाळ्यांना बोटं लावली. "पण तुमी इंजिनिअर माणूस, तुमी कशा चुकान? सरच म्हणायचे, माझी पोरगी पार्ट नुसता पाहून सांगते. आता दुकानात कोणाले म्हणू नाही देणार. शब्द देतो."

"म्हणू द्या," स्वरदा म्हणाली. पण तो उठला होता, फोटोला हात जोडत होता. जाताना त्यानं आईला सांगितलं, "काकू, पोरगी सरवर गेली," आणि चपला घालून गेला.

कप उचलायला आई खाली वाकली.

"आई, बाबा अकोल्याले कधी गेले होते?"

"अष्टमीले." आईला आठवावं लागलं नाही. "मी उपाशी होते. सकाळच्या गाडीनं गेले, दिवे लागायच्या वेळेले आले. खोकं मांडीवर घेऊन. कंडक्टरले वर ठेवू नाही दिलं म्हणे."

अष्टमी. त्या दिवशी दुपारी स्वरदानं फोन केला होता. बसली का बाबा? बसली ना, टक् करून बसली, काय पळून राह्यलं मशीन! मागं भोंग्यावर कोणीतरी गाड्यांची नावं वाचत होतं. तिनं विचारलं, कुठं आहात? इथंच, स्टँडवर, पेपर घ्यायले आलतो.

"तू काऊन नाही सांगितलं मले?"

"नको म्हणले ते." आईनं दोन्ही कप एकात एक घातले. "इतक्या दिवसांनी पोरीनं काही धाडलं, म्हणले, ते वापस काऊन करायचं."

ती आत गेली. नळ सुरू झाला, बंद झाला.

स्वरदानं टेबलाचा खण उघडला. बाबांची पेन्सिल होती, चाकूनं तासलेली, बोटभर उरलेली. तिनं पत्रा मांडीवर आडवा घेतला. शेवटच्या ओळीखाली लिहिलं: अष्टमी. बोर्ड, प्रोसेसर. बाबा. "रॅम ८ जीबी. स्वरदाकडून" ही ओळ खोडावी असं तिच्या मनात आलं. पेन्सिल तिथंवर गेलीही. पण अक्षर बाबांचं होतं. तिनं पेन्सिल खणात ठेवून दिली.

हार्ड डिस्कची केबल तिनं काढलीच नाही. पत्रा उचलून कॅबिनेटला लावायला गेली, तर खालची कड खाचेत जाईना. एका हातानं पत्रा दाबून दुसऱ्यानं स्क्रू लावायचा, हे काम कायम दोघांचं होतं. ती वाटीकडं हात लांबवू लागली की पत्रा सरकायचा.

"थांब," आई दारातून म्हणाली. "तो पुढून उचलून मागं सरकवा लागते."

आईनं ओले हात पदराला पुसले. खिडकीशी गेली, रंग उडालेल्या जागी गज मुठीत धरला, सोडला. मग स्वरदाच्या शेजारी सतरंजीवर बसली आणि पत्र्याला दोन्ही हात लावले.

स्वरदानं वाटीतला पहिला स्क्रू उचलला. आईनं पत्रा कुठं धरायचा ते तिला सांगावं लागलं नाही.