फितुराचा पाय

विनीतने शिवाच्या तोंडावर बांबू हाणला, तेव्हा देखाव्याच्या भोंग्यातून मालनताईंचा आवाज घुमतच होता. "आणि तो लंगडत आला. ज्या चाळीचं मीठ खाल्लं, तीच बिल्डरच्या घशात घालायला."

लालबागच्या त्या चाळीच्या गणपतीपुढचा हलता देखावा वीस वर्षं मालनताईच लिहीत आणि बोलत. यंदा विषय चाळ पाडण्याचा होता, म्हणजे गोष्टीत फितूर हवाच. ऐन वेळी फितुराच्या पुतळ्याची मोटर अडली आणि त्याचा डावा पाय फरफटायला लागला. दुरुस्तीला वेळ नव्हता. ताईंनी शक्कल लढवली, 'लंगडत' हा एकच शब्द घालून वाक्य पुन्हा रेकॉर्ड केलं आणि स्वतःवरच खूश झाल्या. चाळीत लंगडणारा एकच, चौदा नंबरचा शिवा, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

आठ दिवस चाळीने देखावा पाहिला. आज संध्याकाळी बातमी फुटली की चाळीतल्या कुणीतरी बिल्डरला गुपचूप सही दिली. कुणी दिली, हे कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

मालनताईंनी आरतीचा माइक ओढून घेतला.

"अरे, थांबा रे. शिवाने काय नाय केलंय. पुतळ्याची मोटर अडकली होती, म्हणून मी लंगडत म्हटलं."

"ताई, बाजूला व्हा," मंडळाचा सेक्रेटरी विनीत वळूनही न पाहता म्हणाला. "तुमचं मन मोठं आहे, आम्हाला माहितेय."

पुन्हा बांबू बसला. शिवाच्या कानातून रक्त येत होतं. आता तो हातसुद्धा आडवा धरत नव्हता.

खरं सांगून झालं होतं आणि ते अगदीच मुळमुळीत निघालं होतं. मोटर अडकल्याच्या गोष्टीला हुंकार कोण देणार? ताईंना आपल्याच कसबाचा मनस्वी संताप आला. त्यांनी देखाव्याच्या भोंग्याची वायर उपटली; माइक हातातच होता. मंडप गप्प झाल्यावरही त्या आणखी थोडं थांबल्या, मग आवाज खाली आणला.

"गुरुवारची दुपार. सगळी चाळ झोपलेली. मी भांडी घासून उठले होते, हात ओलेच. बिल्डरच्या माणसाने कागद पुढे केला. बोटाचं पाणी पडलं, शाई पसरली. तो म्हणाला, मावशी, परत करा सही. मी परत केली."

तो कागद त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

विनीतचा हात वरच राहिला.

"दोनदा केलीत?"

"दोनदा," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मान खाली घातली.

पहिली चप्पल कपाळावर बसली. मागून दगड आला. ताई खांबाला धरून खाली बसल्या. डोळ्यात उतरणाऱ्या रक्तातून त्यांना दिसलं, दोघीजणी शिवाला काखेत धरून मंडपाबाहेर नेत होत्या आणि त्या तिघांकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. गोष्ट जमली होती.