साखरेचा रस्ता

बायको वाफ्यापाशी बसून जमिनीशी बोलायला लागली की नवऱ्यानं गोठ्याच्या मागून निसटायचं, हा त्या घरचा जुना नियम. पण त्या सकाळी तो निसटायच्या आत हाक आली.

“अहो इंजिनेर! इकडं या जरा.”

इंजिनेर म्हणजे तिचा नवरा. शिक्षण सातवी नापास, पण डोकं असं चालायचं की गावानंच पदवी देऊन टाकली. दोन वर्षांपूर्वी त्यानं थोरल्या भावाची शिडी मागून आणली आणि मधोमध कापली. का, तर एकीच्या दोन झाल्या म्हणजे कुणी कुणाकडं मागायला नको. आता त्या दोन्हींवरून कुणालाच माळ्यावर चढता येत नाही, आणि थोरला तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

“आज अकरावा दिवस,” बायको म्हणाली. “एक तरी कोंब दिसतोय का?”

वाफा कांद्याच्या रोपाचा होता. बी तिच्या आईकडचं. लहानखुरा, लालभडक कांदा, वर्षभर टांगून ठेवला तरी सडायचा नाही. असलं बी दुकानात मिळत नाही. दरसाल ती थोडं मागं ठेवायची, पण यंदा डब्यात पाणी शिरलं आणि मागं ठेवलेलं सगळं कुजलं. वाचलं होतं ते वाटीभर. तेवढंच या वाफ्यात पडलं होतं. हे उगवलं नाही तर आईचा कांदा संपला, कायमचा.

“उगवेल की,” इंजिनेर म्हणाला. “बी जुनं आहे, जरा आळस करत असेल.”

“बी आळस करत नाही. बी जागेवरच नाही.” तिनं बोटानं माती उकरून दाखवली. “वाफ्याभोवती राख टाका म्हणून सांगितलं होतं. टाकलीत?”

“राख? राख काय... म्हणजे राखेपेक्षा चांगलं केलं.”

बायकोनं डोळे मिटले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. ‘चांगलं केलं’ या शब्दांची तिला धडकीच भरायची.

“काय केलंत?”

“हे बघ, राख टाकली की मुंग्या रागावतात. मुंगीला हाकलायचं नाही, तिला दुसरीकडं कामाला लावायचं. म्हणून मी वाफ्यापासून साखरेची एक बारीक रेघ ओढली. थेट बांधापलीकडं, दादाच्या रानात. आपल्या मुंग्या साखर खात खात तिकडं जातील आणि तिकडंच राहतील.”

“आपल्या वाफ्यात मुंग्या होत्या किती?”

“सात-आठ.”

“आणि दादांच्या रानात?”

इंजिनेरनं डोकं खाजवलं. हा हिशेब त्यानं केलाच नव्हता.

दोघं रेघेच्या मागानं निघाले. साखर केव्हाच संपली होती, पण रस्ता चालू होता. मोठ्या डोक्याच्या काळ्या मुंग्यांची रांग लागली होती आणि अजूनही एखादी मागं राहिलेली बाई डोक्यावर कांद्याचं काळं बी घेऊन लगबगीनं चालली होती. बांध ओलांडून रांग एका भोकात शिरत होती. भोकाभोवती टरफलं नि भुसकट टाकून त्यांनी गोल रिंगण केलं होतं. शेजारी बाभळीखाली थोरला पाय पसरून बसला होता.

“दादा,” बायको म्हणाली, “आमचं बी तुमच्या बिळात गेलंय. खणून घेऊ का?”

“नाही बाई, ते बीळ खणायचं नाही.” थोरला शांतपणे म्हणाला. “माझं सगळं रान दगडासारखं, पाणी टाकलं की वाहून जातं. फक्त ह्या तुकड्यात मुरतं. का? ह्यांनी खाली बोगदे केलेत म्हणून. किडा मेला की ओढून नेतात, अळी दिसली की फाडून खातात. मी ह्यांना चहा पाजत नाही एवढंच.”

“त्याला विचार,” इंजिनेर बायकोला म्हणाला, “मुंग्या त्याच्या ना? मग चोरीचा माल परत दे म्हणावं!”

“त्याला सांग,” थोरलाही तिलाच म्हणाला, “चोर आपणहून येतो. ह्यांना आवतण होतं. मी स्वतः रेघ चाटून बघितली. साखर होती!”

“त्याला सांग, रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं!”

“मला कशाला सांगायला लावता?” बायको कडाडली. “मी काय पोस्ट आहे? माझ्या आईचं बी गेलं आणि तुम्हाला निरोप सुचतायत!” तिचा आवाज फुटला. पदरानं नाक पुसत ती तरातरा घराकडं गेली. दोघं भाऊ तिच्या पाठीकडं बघत राहिले. तिला रडताना त्यांनी फारदा बघितलं नव्हतं.

इंजिनेरला ते लागलं. खरंच लागलं. दुपारी थोरल्याला डुलकी लागलेली बघून तो कुदळ घेऊन गेला, भोकावर दोन पाय फाकून उभा राहिला आणि घाव घातला. वीतभर खाली खोल्या लागल्या, रिकाम्या. आणखी वीतभर खाली गेला, तिथंही रिकाम्या. तिसऱ्या घावाला खोल्यांचे मालक भेटले. ते विजारीतून वर आले.

“दादा!” इंजिनेर ओरडला. “दादा रे! मेलो!”

दोन वर्षांत थोरल्याला धाकट्याकडून दादा म्हणून हाक आली नव्हती. तो झोपेतून उठला तो पळतच सुटला.

“विजार काढ!”

“रस्त्यानं बायका चालल्यात!”

“मग नाच तसाच!”

इंजिनेर रिंगणात नाचत होता. थोरल्यानं पाटातून बादली भरली आणि त्याच्या अंगावर ओतली. मग दुसरी, मग तिसरी. चौथीची गरज नव्हती, पण ती शिडीची होती. शेवटी रस्त्यावरच्या बायकांना जे बघायचं होतं ते बघायला मिळालंच. थोरल्यानं आपला सदरा भावाच्या कमरेला गुंडाळला आणि उकरलेली माती पायानं लोटून बीळ बुजवलं.

“मिळालं का बी?”

“एक दाणा नाही,” इंजिनेर कण्हत म्हणाला. “खोल नेलंय. दादा, आता तिला काय तोंड दाखवू?”

“तोंडाचं राहू दे. बाकीचं तर झाक.”

त्या आंघोळीनंतर बाराव्या दिवशी बांधावरून थोरल्याची हाक आली. “ए इंजिनेर! बायकोला घेऊन ये! पळत ये!”

दोघं गेले. बीळ मुंग्यांनी कधीच दुरुस्त केलं होतं. पण भोवतीच्या भुसकटाच्या रिंगणात, जिथं चार बादल्या पाणी पडलं होतं, तिथं हिरव्या सुया उगवल्या होत्या. दाट, सरळ, कांद्याच्या. नेलेल्यातलं काही बियाणं मुंग्यांनी कचऱ्यात टाकलं होतं, त्यांना काय आवडलं नव्हतं कोण जाणे. बायको उकिडवी बसली. एक पात चिमटून तिनं नाकाशी धरली आणि तशीच बसून राहिली.

“आईचाच,” ती म्हणाली. “तोच वास.”

थोरल्यानं त्या रिंगणाला कुंपण घातलं आणि पुढचा दीड महिना पाणी दिलं. लावणीच्या दिवशी भाऊ भांडायला मोकळे झाले. माझ्या रानात उगवलं म्हणून अर्धं माझं, असं एक म्हणाला. माझ्या आंघोळीवर उगवलं म्हणून सगळं माझं, असं दुसरा. आता मधे पोस्ट नव्हतं, समोरासमोर चाललं होतं, आणि दोघांचेही चेहरे खुलले होते.

त्यांचं चालू असताना बायकोनं रोपं उपटून ओल्या फडक्यात गुंडाळली. पाच-सहा तेवढी रिंगणातच ठेवली.

“ही का सोडलीस?” इंजिनेरनं विचारलं.

“ती मुंग्यांची. बी धरलं की नेतील. त्यांनी काम केलं, त्यांना मजुरी नको?”

“आणि माझी? डोकं कुणाचं होतं?”

बायको टोपली डोक्यावर घेऊन उठली.

“तुमची त्यांनी त्याच दिवशी चुकती केली,” ती म्हणाली. “विजारीत.”